घरातल्या ऑर्किडला हवेतली ओल कशी द्यायची, आपल्या बेळगावच्या हवेत

माझं पहिलं ऑर्किड मी स्प्रे मारून मारून मारलं. पांढऱ्या फुलांचं फॅलेनॉप्सिस होतं, फेब्रुवारीत एका नर्सरीतून आणलेलं, आणि देणारा म्हणाला याला ह्युमिडिटी लागते, दिवसातून चार-पाच वेळा फवारा मारत जावा. मी ऐकलं. सकाळी कामावर जाताना फवारा, आल्यावर फवारा, झोपताना फवारा, आणि दुपारचा आईकडे सोपवलेला. तिसऱ्या आठवड्यात मधलं कोवळं पान धरून जरा हलवलं तर ते अलगद हातात आलं, बुडाशी तपकिरी, बुळबुळीत, आणि नासक्या बटाट्यासारखा वास. आई म्हणाली, "दिवसभर डोक्यावर पाणी मारलंस तर माणसाला पण सर्दी होतंय की रे."

तिचं बरोबरच होतं. फॅलेनॉप्सिसची पानं जिथं एकत्र येतात तिथं एक खोबण असते, त्यात पाणी साठून रात्रभर राहिलं की झाडाचा शेंडाच कुजतो, आणि या झाडाला वाढायला तो एकच शेंडा असतो, तो गेला की बहुतेक वेळा खेळ खलास. पण खरी गंमत नंतर कळली. एवढं करून खोलीतली ह्युमिडिटी वाढलीच नव्हती, म्हणजे झाड बुडून मेलं आणि भोवतालची हवा मात्र कोरडीच्या कोरडी.

तर हे प्रकरण नीट समजून घ्यायला आधी ह्युमिडिटीचा आकडा काय असतो ते बघू, कारण ती मोजायच्या मीटरवर ४० टक्के, ६० टक्के असं जे दिसतं त्यावरनं बऱ्याच जणांचा (माझा पण) गैरसमज होतो की हवेत ४० टक्के पाणी आहे. तसं नसतं. हवा जितकी गरम तितकी जास्त वाफ तिच्यात मावते, आणि आत्ता मावू शकते त्यातली किती भरलेली आहे, हा तो टक्का. म्हणजे तापलं की आपोआप मोठं होणारं भांडं समजा.

जानेवारीतली आपली सकाळ घ्या. साडेसहाला व्हॅक्सिन डेपोच्या बाजूला फिरायला गेलात तर धुकं, गवत ओलं, स्वेटरवर पण दमट दमट. समजा १४ डिग्री आहे, तर त्या हवेत घनमीटरला सुमारे १२ ग्रॅम वाफ मावते आणि ती पूर्ण भरलीय, म्हणून १०० टक्के. आता दुपारी अडीच वाजता ३० डिग्री झालं. पाणी कुणी काढून नेलं नाही, १२ ग्रॅमच आहे, पण भांडं आता ३० ग्रॅमचं झालं. १२ भागिले ३०, म्हणजे ४० टक्के. त्याच हवेत, त्याच पाण्यात, सकाळी धुकं आणि दुपारी ओठ फुटतात.

आणि टक्का सारखा असला म्हणजे झाडाला सारखंच वाटतं असं पण नाही. २० डिग्रीला ५० टक्के म्हणजे हवेत अजून साडेआठ ग्रॅमची जागा रिकामी, ३५ डिग्रीला ५० टक्के म्हणजे जवळपास २० ग्रॅमची जागा रिकामी. ही रिकामी जागा म्हणजे हवेची तहान. ती तहान हवा कुठनं भागवते? तुमच्या ओल्या कपड्यातनं, माठातनं, कातडीतनं, आणि ऑर्किडच्या पानातनं. म्हणून एप्रिलमधले ५० टक्के हे डिसेंबरमधल्या ५० टक्क्यांपेक्षा दुपटीनं जास्त ओढतात. मीटर घेतला तर टक्क्याबरोबर टेंपरेचर पण वाचा, नुसता टक्का अर्धवट माहिती देतो.

खरं सांगायचं तर आपल्या भागातल्या लोकांना हे शिकवायला नको. आमचं घर वडगावातलं, आजोबा विणकर, खड्डामागावर बसायचे, पाय खड्ड्यात आणि माग जमिनीलगत. उन्हाळ्यात दुपारी ताणा फटाफट तुटायला लागला की आजी खालच्या मातीवर पाणी शिंपडायची, सुतावर नव्हे, जमिनीवर. लहानपणी मला वाटायचं गारव्यासाठी करते. नंतर कळलं की खड्ड्यातली ओल वर येऊन सुताला नरम ठेवते, कोरडं सूत ठिसूळ होतं. निपाणीच्या मामांच्यात तंबाखूचं तेच. वाळलेलं पान दुपारी हात लावला तर चुरा, पहाटे दंव खाल्लं की कापडासारखं मऊ. मामांना मी ऑर्किडचं सांगायला गेलो तर म्हणाले, "काय गा, एवढं शिकून हे नाही कळलं? पानाला पाणी लागलं तर पान सडतंय. पानाला ओल दाखवायची." झालं, सगळा लेख यात आला खरं म्हणजे, पण पुढं कामाचं बरंच आहे.

आता झाडाकडं बघू. आपण घरात ठेवतो ती बहुतेक ऑर्किड्स मूळची झाडावर राहणारी, मातीत नाही. त्यांची मुळं नुसती सालीला धरून हवेत लोंबतात. त्या मुळावर एक पांढरट स्पंजी थर असतो, मेलेल्या पेशींचा, त्याला व्हेलामेन म्हणतात. हे घरी बघण्यासारखं आहे. कुंडीबाहेर आलेलं एखादं मूळ निवडा, कोरडं असताना चांदीच्या जुन्या पैंजणासारखं राखाडी दिसतं, त्यावर चमच्यानं चार थेंब सोडा आणि बघत बसा. थेंब ओघळत नाही, टिपकागदात शिरल्यासारखा आत जातो आणि काही सेकंदात ते मूळ आतनं हिरवं व्हायला लागतं, कारण थर पाणी पिऊन पारदर्शक झाला आणि खालचा हिरवा भाग दिसायला लागला. म्हणजे झाड पाणी मुळानं पितं आणि पटकन पितं. हवेतल्या ओलीचं काम वेगळं, ते म्हणजे प्यालेलं पाणी लगेच उडून जाऊ न देणं. ह्युमिडिटी म्हणजे झाडाला दुसरीकडनं पाजलेलं पाणी नव्हे, खर्च कमी करणं आहे.

यातनं एक दिलासा पण मिळतो. फॅलेनॉप्सिस हे निवडुंग आणि अननसाच्या पद्धतीनं चालतं, पानावरची छिद्रं दिवसा बंद ठेवतं आणि रात्री उघडून हवा घेतं. रात्री हवा गार झाली की तोच टक्का आपोआप वर जातो (वरचं भांड्याचं गणित उलटं करा). म्हणजे दुपारी दोन वाजता मीटर ३८ दाखवतोय म्हणून घाबरून ऑफिसमधनं आईला फोन करायची गरज नसते, रात्री दहाला किती आहे ते जास्त महत्त्वाचं. रात्री पण ४० च्या खालीच असेल तर मग काहीतरी करा. ढोबळ नियम असा की पान जाड, चामड्यासारखं असेल तर कोरडं सहन करतं, पान पातळ असेल, उदाहरणार्थ ऑन्सिडियम, तर त्याला ओल जास्त लागते आणि कमी पडली की नवीन पान कागदी पंख्यासारखं घड्या घड्यांचं बाहेर येतं. फॅलेनॉप्सिसला ५० ते ७० टक्के छान, डेंड्रोबियमला ५०-६० मध्ये चालतं, आणि व्हँडा, ती उघड्या मुळांनी टोपलीत लोंबणारी, तिला ७०-८० लागते. घरात पहिल्यांदा आणत असाल तर व्हँडा नको, एवढंच सांगतो, मार्च-एप्रिलमध्ये रोज सकाळी मुळं बादलीत बुडवायची तयारी असली तरच.

आपल्या रानातलं उदाहरण घ्या. जांबोटीवरनं कणकुंबीकडं जाताना मे अखेर-जूनच्या सुमारास झाडांच्या फांद्यांवरनं सीतेची वेणी लोंबताना दिसते, गुलाबी-पांढरा गजराच. हे पण ऑर्किडच. त्या बाईसाहेबांना डिसेंबरपासनं वळवाच्या सरी सोडल्या तर पाऊस नाही, कुणी फवारा मारत नाही, आणि तरी फुलतात. जाड पान, पाणी शोषणारं मूळ, घाटातली रात्रीची ओल, पहाटेचं दंव, आणि सतत हलती हवा. (बघून या, फोटो काढा, काढून घरी आणू नका. जंगलातनं उपटणं बेकायदेशीर आहे आणि घरात आणलं तर ते बहुतेक जगत पण नाही.)

आता गणित, कारण याच्याशिवाय स्प्रे का फसतो ते पटत नाही. दहा बाय बारा खोली, उंची दहा फूट, म्हणजे साधारण ३४ घनमीटर हवा. एप्रिलमध्ये ३२ डिग्री आणि ३५ टक्के आहे, तुम्हाला ६० टक्के पाहिजे. त्याला सुमारे २९० मिली पाण्याची पूर्ण वाफ व्हायला लागते. स्प्रेच्या बाटलीचा एक दाब म्हणजे साधारण १ मिली. म्हणजे २९० वेळा दाबा, बोट सुजेल. आणि खिडकी उघडी, वर पंखा फुल्ल, तर खोलीतली हवा तासात तीन-चार वेळा बदलते, म्हणजे दर तासाला लिटरभर. तुम्ही मारलेले वीस फवारे दहा-पंधरा मिनिटांत खिडकीतनं बाहेर, आणि मागं राहतं ते फक्त पानाच्या खोबणीतलं पाणी.

खडे भरलेला पाण्याचा ट्रे ठेवा असं सगळे सांगतात, त्याचं पण बघू. एक फूट बाय एक फूट ट्रे, दिवसात ४ मिलिमीटर पाणी उडालं असं धरलं तर साधारण ३७० मिली, म्हणजे तासाला १५ मिली. लागतंय लिटर, मिळतंय १५ मिली. खोलीसाठी शून्य. ट्रेच्या अगदी वर थोडाफार फरक पडतो, तेवढंच.

पण आता तेच गणित एका कोपऱ्यासाठी करा. एक घनमीटरचा कोपरा, तीन बाजूंनी अडवलेला, तर त्याला २९० नाही, फक्त साडेआठ मिली लागतात. इथं तोच ट्रे एकदम कामाचा होतो. मला हे कळायला दोन झाडं आणि दीड वर्ष लागलं की खोली दमट करायचीच नसते, कोपरा करायचा असतो.

माझा कोपरा असा आहे. पूर्वेची खिडकी, सकाळचं ऊन जाळीच्या पडद्यातनं. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला जुनं पुस्तकांचं कपाट आडवं लावलंय, तिसऱ्या बाजूला पारदर्शक प्लास्टिक लटकवलंय, वर मोकळं. खाली खानापूरच्या मातीच्या तीन पसरट थाळ्या, भाजलेल्या पण वर ग्लेझ नसलेल्या, त्यात वाळू आणि वाळूत पाणी. ग्लेझ नसल्याचं महत्त्व आहे, माठ बाहेरनं घामेजतो ना तसंच, पाणी नुसतं वरनं नाही तर थाळीच्या अंगातनं पण उडतं. वाळूवर विटेचे तुकडे आणि त्यावर कुंड्या, कुंडीचं बूड पाण्याला लागता कामा नये, लागलं तर मुळं कुजणार. मधे मधे नेचे आणि मनीप्लांटच्या कुंड्या दाटीनं, कारण त्यांची पानं पण दिवसभर वाफ सोडतात. घरातला पिण्याचा माठ पण तिथंच हलवला, सुरवातीला आई कुरकुरली, आता तीच तिथं खुर्ची टाकून बसते. खोलीत ३६ असताना कोपऱ्यात ५२-५५ असतं. व्हिडिओत दाखवतात तसं ८० कधीच होत नाही आणि व्हायची गरज पण नाही.

थाळ्यांतलं साठलेलं पाणी आठवड्यातनं एकदा पूर्ण ओतून, घासून, परत भरा. डासांच्या अळ्या होतात, आणि डेंग्यू झाल्यावर फूल बघायला कोण बसणार.

मार्च ते मेची भर दुपार असेल तर खिडकीला ओलं गोणपाट. जुना प्रकार आहे, पण त्याचा पसारा बघा, एक पोतं उलगडलं की दहा-बारा चौरस फूट ओली जागा, आणि गरम वारा त्यातनं गाळून येतो, हवा गार पण होते आणि ओली पण. कूलर म्हणजे हेच, मोटर लावून. ज्यांच्याकडं कूलर आहे त्यांनी वेगळा ह्युमिडिफायर घ्यायच्या फंदात पडू नये, फक्त झोत सरळ झाडावर नको. एसी मात्र उलटा, बाहेर पाईपमधनं जे पाणी ठिबकतं ते तुमच्या खोलीतल्या हवेतनंच काढलेलं असतं, एसीच्या खोलीत ऑर्किड ठेवून ह्युमिडिटीची तक्रार करण्यात अर्थ नाही.

ह्युमिडिफायर घ्यायचाच असेल तर एकच गोष्ट, बोअरचं पाणी घालू नका. ते धुकं सोडणारं अल्ट्रासॉनिक मशीन पाण्यातला क्षार पण हवेत उडवतं आणि आठवड्यात पानांवर, टीव्हीवर, सगळीकडं पिठासारखी पांढरी पूड बसते. फिल्टरचं पाणी किंवा साठवलेलं पावसाचं. झाडाला घालायला पण पावसाचंच बेस्ट.

मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो, पण स्वस्तातले बरेच खोटं बोलतात, पाच-दहा टक्के इकडं तिकडं. तपासायची युक्ती स्वयंपाकघरातली आहे. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, थेंब थेंब पाणी टाकून ओल्या वाळूसारखं करा, विरघळवू नका. ते झाकण आणि मीटर एका हवाबंद पिशवीत किंवा डब्यात रात्रभर ठेवा. ओल्या मिठाच्या वरच्या हवेत ७५ टक्के ह्युमिडिटी असते, हे ठरलेलं आहे. सकाळी मीटर ६८ दाखवत असेल तर तो ७ नं कमी दाखवतो, मागं पेननं लिहून ठेवा. आणि मीटर झाडाशेजारी ठेवा, टीव्हीच्या वर नाही.

हे सगळं साधारण फेब्रुवारी ते मे. जूनच्या मध्यापासनं प्रश्न बरोबर उलटा होतो आणि माझ्या मते बेळगाव-खानापूर पट्ट्यात ऑर्किड कोरड्या हवेनं मरतात त्यापेक्षा जास्त पावसाळ्यात मरतात. जुलैत आपल्याकडं काय होतं माहीतच आहे, पापड सादळतात, काडेपेटी पेटत नाही, कपडे चार दिवस दोरीवर, कपाटातल्या चपलेवर बुरशी. त्या दिवसांत थाळ्या कोरड्या करायच्या, प्लास्टिक काढून टाकायचं, स्प्रेची बाटली डोळ्यासमोरनं हलवायची. आता पाहिजे हलती हवा. एक छोटा टेबल फॅन, सगळ्यात हळू, झाडाकडं नाही तर भिंतीकडं तोंड करून, पानं जेमतेम डुलली पाहिजेत. दमट आणि थांबलेली हवा म्हणजे फुलांवर बारीक तपकिरी ठिपके, ती बुरशी. दमट पण हलती हवा चालते, घाटात तेच तर असतं. कुंडीत मॉस (पाणी धरून ठेवणारं वाळकं शेवाळ) असेल तर पावसाळ्यापूर्वी काढून कोळसा, नारळाच्या सोडणाचे तुकडे, फुटक्या कौलाचे तुकडे असं भरभरीत घाला. पाणी फक्त सकाळी, आणि मुळं राखाडी झाल्याशिवाय नाहीच, मग मधे दहा दिवस गेले तरी चालतील.

रायबाग, अथणी बाजूला राहणाऱ्यांचं गणित वेगळं, तिकडं पाऊस कमी आणि ऊन जास्त, कोपरा आणि कूलर वर्षातले जास्त महिने चालू ठेवावे लागतात, आणि हवा कोरडी-गरम असली की पानामागं लाल कोळी नावाची बारीक कीड येते, ओल्या फडक्यानं पानाची खालची बाजू पुसत राहायची. खानापूर, लोंढ्याकडच्या लोकांना उलट बहुतेक वेळ पंखाच लागतो. म्हणून पुण्या-बंगळूरच्या माणसाचा व्हिडिओ बघून तसंच्या तसं करू नका.

अजून एक. पान सुरकुतलं म्हणजे ह्युमिडिटी कमी, असं लगेच समजू नका. दहातल्या सात-आठ वेळा मुळं मेलेली असतात, एकतर पाणी कमी पडून नाहीतर जास्त होऊन कुजून. कुंडीतनं काढून बघा, दाबल्यावर टणक लागलं तर जिवंत, पोकळ नळीसारखं चेपलं तर गेलेलं. मुळंच नसतील तर भोवती कितीही ओल ठेवा, प्यायला तोंडच नाही.

कळ्या गळण्याचं पण तसंच, कोरड्या हवेनं कळ्या पिवळ्या पडून गळतात हे खरं. पण गेल्या मेमध्ये माझ्या फॅलेनॉप्सिसच्या सात कळ्या चार दिवसांत गळल्या आणि मीटर ५६ दाखवत होता, मिठानं तपासलेला मीटर. मी थाळ्या वाढवल्या, गोणपाट दिवसातनं तीनदा भिजवलं, मीटरवर संशय घेऊन परत मिठात ठेवला. शेवटी रविवारी झाडू मारताना कपाटामागं गवत दिसलं. आईनं पायरीची अढी घातली होती, बरोबर कोपऱ्याच्या पाठीमागं, तिथं गार असतं म्हणून. पिकणारा आंबा इथिलीन गॅस सोडतो आणि ऑर्किडच्या कळ्यांना तो अजिबात सोसत नाही. आईला सांगितलं तर म्हणाली, "तुझ्या फुलासाठी मी आंबे कुठं घालू?" यंदा अढी माळ्यावर आहे.